बाळंतपणाच्या सीनमध्ये प्रश्न कोण विचारतं?

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा पाचव्या महिन्यात मी फोनच्या नोट्समध्ये एकवीस प्रश्न लिहून ठेवले होते. पहिला प्रश्न होता, ‘ताई, या वेळी नॉर्मल होईल का?’ पहिल्या मुलाच्या वेळी सिझर झालं होतं. त्याला साडेतीन वर्षं झाली होती. आई म्हणत होती, एकदा सिझर म्हणजे कायम सिझर, उगाच विषाची परीक्षा नको. इन्स्टाग्रामवरच्या रील्स म्हणत होत्या, तुझ्या शरीरावर विश्वास ठेव. या दोघींच्या मध्ये मी होते, आणि म्हणून मी एका डूलाकडे गेले.

पुण्यात माझ्या ओळखीच्या दोघीतिघींनी डूलाची मदत घेतली होती. या ताई पंचेचाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. चहा दिला, माझे एकवीस प्रश्न शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, ‘अगं, यातल्या सतरांची उत्तरं मी द्यायचीच नाहीत. ती डॉक्टरांनी द्यायची. तू त्यांना विचारलेस का?’ मी विचारले नव्हते. डॉक्टरांसमोर बसलं की माझी वाचा बसते. वजन, बीपी, ‘सगळं छान आहे’, पुढची तारीख, आणि मी बाहेर.

मला त्यांचा थोडा राग आला. एवढे पैसे मोजायचे आणि उलट आपल्यालाच गृहपाठ. निघताना त्यांनी विचारलं, ‘तू सिनेमांवर लिहितेस ना? मग एक काम कर. बाळंतपणाचे सीन परत बघ. त्या सीनमध्ये ती बाई किती प्रश्न विचारते ते मोज.’

हा लेख म्हणजे ती मोजदाद. आणि शेवटी माझं काय झालं, तेही.

*

आधी डूला म्हणजे कोण ते सांगायला हवं, कारण माझ्या सासूबाईंसकट सगळ्यांना ती सुईण वाटते. सुईण बाळंतपण करते. डूला करत नाही. ती नाडी बघत नाही, आतून तपासत नाही, औषध देत नाही. ती सोबत असते. कळांमध्ये कंबर चोळते, पाणी देते, श्वासाची आठवण करते, आणि आधीच्या महिन्यांत तुला काय हवंय ते तुझ्याकडूनच काढून घेते. शब्द ग्रीक, मूळ अर्थ दासी. मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी स्तनपानावरच्या ‘द टेंडर गिफ्ट’ या 1973च्या पुस्तकात तो वापरला आणि तिथून तो रूढ झाला. पुढे मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या दोन बालरोगतज्ज्ञांनी ग्वाटेमालातल्या एका हॉस्पिटलात एक साधा प्रयोग केला. काही बायकांना कळांच्या काळात सोबत म्हणून एक अनोळखी, कुठलंही प्रशिक्षण नसलेली बाई दिली. 1980 साली तो अभ्यास छापून आला. सोबत मिळालेल्या बायकांचा कळांचा काळ बराच कमी भरला होता. 2017च्या कॉक्रेन आढाव्यात अशा 26 चाचण्या आणि 15 हजारांहून जास्त बायका एकत्र मोजल्या आहेत. सतत सोबत असेल तर नॉर्मल बाळंतपणाची शक्यता वाढते, सिझरची कमी होते आणि ‘माझं बाळंतपण वाईट गेलं’ असं नंतर म्हणणाऱ्या बायका कमी असतात.

म्हणजे आपल्याकडे माहेरी आई, काकू, शेजारची जाणती बाई जे करत होत्या, तेच. फक्त लेबर रूमच्या दारावर ‘नातेवाईकांना प्रवेश नाही’ अशी पाटी लागली तेव्हा त्या सगळ्या बाहेर राहिल्या, आणि काही वर्षांनी त्यांची जागा फी देऊन परत मिळू लागली.

*

मोजदाद ‘थ्री इडियट्स’पासून सुरू केली, कारण माझ्या पिढीने पाहिलेलं पहिलं सविस्तर बाळंतपण तेच. 2009 साली मी शाळेत होते आणि आख्खं थिएटर त्या सीनला टाळ्या वाजवत होतं. पाऊस, तुंबलेले रस्ते, दिवे गेलेले. मोनाला कळा सुरू होतात. तिची डॉक्टर बहीण वेबकॅमवरून सूचना देते आणि इंजिनिअरिंगची पोरं इन्व्हर्टर जोडून, व्हॅक्यूम क्लीनरवरून जुगाड करून टेबल टेनिसच्या टेबलावर बाळ बाहेर काढतात. बाळ रडत नाही. मग ‘ऑल इज वेल’ म्हटल्यावर पाय हलवतं. टाळ्या.

आता परत पाहिलं तेव्हा मोनाकडे बघत होते. तिच्या वाट्याला किंचाळणं आहे आणि जोर लावणं आहे. या सीनचा खरा प्रश्न वीज कुठून आणायची हा आहे. बाळंतपण हा इंजिनिअरिंगचा पेपर आहे आणि रँचो त्यात पहिला येतो. शिवाय तिच्याच अंगावर तिच्या वडिलांचं हृदयपरिवर्तन होतं. सीन रंगतो, मी आजही हसले. पण मोनाच्या नावापुढे माझ्या वहीत शून्य पडलं. आणि लक्षात आलं की माझ्या पहिल्या बाळंतपणाचाही आकडा हाच होता. माझ्याही आजूबाजूला हुशार माणसं धावपळ करत होती आणि मी टेबल होते.

हिंदी-मराठी सिनेमाने बाळंतपणाचा जो नेहमीचा सीन बनवला आहे, तोही असाच. बंद दार, बाहेर येरझाऱ्या घालणारा नवरा, आतून किंकाळी, मग ट्यांहा, मग ‘मुबारक हो’. कॅमेरा बाहेरच्या बाजूला असतो. इतका घासून गुळगुळीत झालेला सीन की खऱ्या हॉस्पिटलातही लोक त्यातल्या भूमिका घेऊन उभे राहतात. माझा नवरा खरोखर येरझाऱ्या घालत होता. तो एरवी असा माणूस नाही.

*

ताईंच्या यादीत सगळ्यात वर होती ‘द बिझनेस ऑफ बीइंग बॉर्न’ ही 2008ची अमेरिकन डॉक्युमेंटरी. दिग्दर्शक अॅबी एप्स्टीन, निर्माती रिकी लेक. डूला आणि नॅचरल बर्थच्या जगात ही फिल्म जवळपास पोथीसारखी वाचली जाते. तिचं म्हणणं असं: अमेरिकेत बाळंतपणाचा कारखाना झाला आहे. कळा वाढवायला औषध, त्या कळा सोसवत नाहीत म्हणून भूल, भुलीने वेग मंदावला म्हणून आणखी औषध, आणि या साखळीच्या टोकाला सिझर. त्यावर तिचा उतारा म्हणजे मिडवाइफ आणि घर. न्यू यॉर्कमधल्या घरांत होणारी बाळंतपणं ती इतक्या जवळून आणि इतक्या शांतपणे दाखवते की बघताना माझा श्वास मंद झाला. रिकी लेक स्वतःच्या बाथटबमध्ये बाळंत होते. दार उघडं. कॅमेरा आत. किंकाळीच्या जागी हुंकार.

माझ्यावर या फिल्मचे उपकार आहेत. त्या साखळीचं वर्णन ऐकताना मला माझा पहिला दिवस तासातासाने आठवत गेला. पण समीक्षक म्हणून मला ती दोन ठिकाणी अडते.

पहिलं, तिचं घर माझं घर नाही. न्यू यॉर्कमधल्या त्या घरांत प्रशिक्षित, परवानाधारक मिडवाइफ येते आणि हॉस्पिटल फार लांब नसतं. माझ्या आजीची आठ बाळंतपणं घरी झाली. त्यातली पाच मुलं जगली. आजीसाठी ‘घरी’ हा शब्द मेणबत्त्या लावलेल्या बाथटबचा नव्हता. भारतात लाख जिवंत जन्मांमागे 2004-06मध्ये 254 माता दगावत होत्या, 2018-20मध्ये हा आकडा 97वर आला, महाराष्ट्रात 33वर. बायका हॉस्पिटलात जाऊ लागल्या हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. त्याच देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत खासगी हॉस्पिटलांमधलं सिझरचं प्रमाण 47.4 टक्के निघालं, सरकारी हॉस्पिटलांमधलं 14.3. म्हणजे एका बाजूला वेळेवर सिझर न मिळालेली बाई आहे आणि दुसऱ्या बाजूला गरज नसताना मिळालेली. ‘हॉस्पिटल की घर’ हा तिकडचा प्रश्न इकडे आणून ठेवला तर या दोघींपैकी कुणाचंच उत्तर मिळत नाही. आमचा प्रश्न आहे: कुठलं हॉस्पिटल, तिथे रात्री कोण असतं आणि मी विचारलं तर सांगतील का?

दुसरी अडचण फिल्मच्या आतच आहे. शूटिंगच्या काळात एप्स्टीन स्वतः गरोदर होती आणि घरी बाळंत व्हायचं ठरवत होती. तिला मुदतीआधी कळा सुरू झाल्या, बाळ पायाळू होतं, आणि शेवटी हॉस्पिटलात तातडीचं सिझर झालं. तिने हे फिल्ममध्ये ठेवलं, याबद्दल तिचं कौतुकच करायला हवं. पण ठेवलं कसं? तो भाग येतो आणि पटकन निघून जातो. जिथे युक्तिवादाला खरी धार लागली असती, तिथे फिल्म हळवी होते. घरचं बाळंतपण हवं असलेल्या बाईला शस्त्रक्रिया लागली, तर तिने तो निर्णय कसा घेतला, तिला काय विचारलं गेलं, तिने काय विचारलं? मला नेमकं तेच बघायचं होतं. पोथीत ते पान अर्धंच लिहिलेलं आहे.

*

‘पीसेस ऑफ अ वुमन’ (2020) गरोदर बाईने बघू नये असं सगळे सांगतात. मी सातव्या महिन्यात पाहिला, नवऱ्याला न सांगता. कोर्नेल मुंद्रुचोचं दिग्दर्शन, काटा वेबरची पटकथा, व्हेनेसा कर्बी मार्थाच्या भूमिकेत. सुरुवातीचं घरातलं बाळंतपण वीसहून जास्त मिनिटं एकाच सलग शॉटमध्ये चालतं. ठरलेली मिडवाइफ दुसऱ्या बाळंतपणात अडकलेली, म्हणून बदली मिडवाइफ इव्हा येते. मार्थाला ढेकरा येतात, मळमळतं, ती चिडते, हसते. इतकं खरं बाळंतपण मी पडद्यावर पाहिलेलं नाही. मग बाळाचे ठोके मंदावतात. हॉस्पिटलचा विषय निघतो. मार्थाला घरीच राहायचंय. बाळ जन्मतं, रडतं आणि काही क्षणांत जातं.

त्यानंतरचा सिनेमा मला तितका पटला नाही. कोर्ट, आईशी भांडण, सफरचंदाच्या बिया, हे सगळं अर्थाच्या ओझ्याने वाकलेलं वाटतं. पण त्या पहिल्या सलग शॉटमध्ये एक गोष्ट आहे जी इतर कुठल्याही सिनेमाला जमलेली नाही: ज्या क्षणी निर्णय घ्यायचा असतो, तो क्षण निर्णयाचा दिसतच नाही. दोन कळांच्या मधली अर्धी मिनिटं, कुणीतरी हळू आवाजात काहीतरी म्हणतं, कुणीतरी मान हलवतं आणि ते होऊन जातं. पुढे आख्खं कोर्ट त्या अर्ध्या मिनिटाचा काथ्याकूट करतं. दोष कुणाचा? इव्हाने नीट सांगितलं का? मार्थाला नीट ऐकू तरी येत होतं का?

सिनेमा संपल्यावर मी ताईंना फोन केला. त्यांनी पहिल्या भेटीत म्हटलेलं एक वाक्य मला टोचत होतं, ‘तुझ्या शरीराला सगळं माहीत असतं.’ मी म्हटलं, ‘ताई, मार्थाच्या शरीराला काय माहीत होतं?’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, ‘ते वाक्य मी क्लासमध्ये म्हणते. बायका घाबरलेल्या असतात, त्यांना धीर येतो. तुला म्हणायला नको होतं. तुझ्या पिशवीवर व्रण आहे.’ त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

*

डूलासारखी बाई थेट मध्यभागी असलेला आपल्याकडचा सिनेमा म्हणजे अंजली मेनन यांचा ‘वंडर विमेन’ (2022). नंदिता नावाची बाई गरोदर बायकांचा वर्ग चालवते आणि वेगवेगळ्या घरांतल्या, भाषांतल्या बायका तिथे येतात. त्यातली जया आपली अमृता सुभाष. सगळ्या वर्गात मला तीच खरी वाटली. आनंद होतोय, पण तो दाखवायची भीती वाटते, असा चेहरा मी स्वतःच्या आरशात पाहिलेला आहे. पण सिनेमाची गोची अशी की नंदिता शहाणी आहे हे त्याने सुरुवातीलाच ठरवून टाकलंय. तिच्या सल्ल्याची कधी कसोटी लागत नाही. बायका अडचण घेऊन येतात, वर्गात बसतात आणि उमलतात. सल्ला देणारी माणसं मला तरी इतकी गुळगुळीत कधी भेटलेली नाहीत. चांगला सल्ला कधीकधी चुकतो आणि देणारीला तो मागे घ्यावा लागतो. त्या एका फोनवर ताईंनी जे केलं, तेवढं करायची संधी नंदिताला मिळत नाही.

आणि हे सगळं बघताना आनंदीबाई जोशींची आठवण येणं अटळ होतं. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. 2019च्या ‘आनंदी गोपाळ’मध्ये त्या मृत्यूतून डॉक्टर व्हायची जिद्द जन्मते, आणि आपण डोळे पुसतो. पण त्या जिद्दीला विषय कुठला मिळाला हे सहसा कुणी सांगत नाही. 1886मध्ये पेनसिल्व्हेनियात पदवी घेताना आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर, आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. एका बाईने स्वतःच्या बाळंतपणाच्या खोलीकडे मागे वळून बघितलं आणि ‘आपल्याकडे हे कसं करतात?’ असं विचारलं. माझ्या वहीत सगळ्यात जास्त गुण त्यांना.

*

आता माझं. ताईंनी दिलेला पहिला गृहपाठ होता पहिल्या बाळंतपणाची फाइल वाचण्याचा. आमच्या घरात त्या सिझरची गोष्ट ठरलेली होती. नाळ गळ्याभोवती होती, म्हणून पटकन करावं लागलं, डॉक्टर देवासारखे धावून आले. साडेतीन वर्षं मीही तीच सांगत होते. फाइलमध्ये नाळेचा उल्लेख कुठेच नव्हता. एकोणचाळिसाव्या आठवड्यात, सकाळी दहाला कळा आणायचं औषध सुरू. संध्याकाळी सातला शस्त्रक्रिया. कारण: प्रगती नाही. तोंड चार सेंटिमीटर.

नव्या डॉक्टरांपुढे मी ती फाइल ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा कागद काढून प्रश्न वाचले. त्या म्हणाल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खऱ्या जोरदार कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरतात, त्यामुळे चारला थांबणं घाईचं वाटतं, ‘पण मी त्या खोलीत नव्हते.’ हे दुसरं वाक्य त्या बोलल्या म्हणून मला पहिलं खरं वाटलं. पुढे त्यांनी सांगितलं की एका सिझरनंतर प्रयत्न केला तर चारांतल्या साधारण तिघी नॉर्मल होतात. पिशवीचा व्रण फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक. कमी आहे, पण झालं तर मिनिटांचा खेळ. म्हणून भूल देणारे डॉक्टर आणि थिएटर रात्री तीनलाही तयार असेल अशाच ठिकाणी प्रयत्न करायचा. ‘आणि ठोके बदलले तर मी वाट बघणार नाही. हे आत्ता मान्य आहे का?’ मी हो म्हटलं. रडू आलं. कुणीतरी मला आधी विचारलं होतं.

कळा आपल्या आपण आल्या. ताई अकरा तास होत्या. त्यांचा हात माझ्या कमरेवर, नवरा पायाशी. येरझाऱ्या नाहीत. आठ सेंटिमीटरला ठोके घसरले, परत आले, परत घसरले. डॉक्टर माझ्या तोंडापाशी वाकल्या. ‘आपण ठरवलं होतं ना, ती वेळ आली.’ मी विचारलं, ‘बाळ ठीक आहे?’ ‘आत्ता आहे.’ ‘मग चला.’ एवढंच. ताईंना थिएटरच्या दारापर्यंतच येऊ दिलं.

मुलगी झाली. व्रण शाबूत होता. मोजायला गेलं तर आकडेवारीत मी दोन्ही वेळा त्याच रकान्यात पडते, सिझर. पहिल्या वेळी मी महिनाभर कुणाशी धड बोलले नव्हते. या वेळी दुसऱ्या दिवशी नर्सला विचारत होते की माझ्या फाइलची प्रत कधी मिळेल.

एक गोष्ट सांगितली नाही तर लेख खोटा ठरेल. ताईंची फी आमच्या फ्लॅटच्या एका महिन्याच्या भाड्याहून जास्त होती. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींच्या सुनेला ती परवडणार नाही. सरकारी हॉस्पिटलांसाठी 2017मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूममध्ये सोबतीची बाई असू द्यावी, असं म्हटलेलं आहे. मावशींना मी ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘कागदावर असेल. मी दारात उभी राहून भांडीन, पण आत गेल्यावर विचारायचं काय?’

मी नोट्समधली यादी उघडली. एकवीस प्रश्न कमी करत करत सहावर आणले आणि त्यांच्या सुनेला व्हॉट्सअॅपवर मराठीत टाइप करून पाठवले. रात्री तिचा मेसेज आला: ‘ताई, यातला चौथा मी उद्या विचारते. तुम्ही फोन जवळ ठेवाल ना?’